भुतांना चाल लावली

तुमच्या हातात आजच रिपोर्ट पडला असेल आणि त्यातला एकच शब्द तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पुढचं वाचण्याआधी कपभर चहा करून घ्या. साखर नेहमीपेक्षा जास्त घाला. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्यांसाठी चहा केला आणि माझा कप ओट्यावर तसाच निवून गेला. त्याचा मला अजून राग आहे.

मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला तेव्हाही पाठ झाली नाहीत आणि आता तर मी ती मुद्दाम विसरले आहे. त्यामुळे इथे उपचारांची माहिती शोधू नका. मी शाहूपुरीत राहते, नाव गिरिजा, वय छत्तीस. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून ज्या जाहिराती गल्लोगल्ली फिरतात, त्यातला बाईचा आवाज बऱ्याचदा माझा असतो. साड्यांचा सेल, शिवणक्लास, नवीन मिसळीचं दुकान, हरवलेलं मांजरसुद्धा मी एकदा पुकारलं आहे. आमच्या घरामागच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टेकवून मी रेकॉर्डिंग करते. एक माइक, एक कॉम्प्युटर, एक जुना कीबोर्ड. लिहिते मी, चाल लावते मी, गाते मी. कोल्हापुरातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं आहे.

आणि मला झाला तो गळ्याचा कॅन्सर. थायरॉइडचा. हे वाक्य लिहायला आता मला काही होत नाही, पण ते आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं ती हकिगत बरीच पुढची आहे.

रिपोर्टचा दिवस

डॉक्टर मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, ऑपरेशन करू, नंतर एक औषध देऊ, बरं होण्याची शक्यता चांगली आहे. महेश, म्हणजे माझा नवरा, खाली मान घालून वहीत लिहून घेत होता. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. आवाजाची नस त्या गाठीला अगदी चिकटून आहे."

"आवाज राहील ना?" मी विचारलं.

"प्रयत्न करू. खात्री देता येत नाही."

त्यानंतर महेशनं बरेच प्रश्न विचारले. मला एकही ऐकू आला नाही. मरणाची भीती मला त्या दिवशी वाटलीच नाही, ती नंतर आली, सावकाश. त्या दिवशी डोक्यात एवढंच होतं की आवाज गेला तर गिरिजा म्हणून शिल्लक काय राहणार. खाली आल्यावर महेशकडून स्कूटरला किल्ली लागेना. मी त्याच्या हातातून घेतली आणि घरापर्यंत मीच चालवत आले.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांचं माहेर सीमेलगतच्या गावचं, तिकडची हाक आमच्या घरात रुळली आहे. त्या दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"आई, तिला कॅन्..." महेश म्हणाला, आणि आत्तींनी अक्षरशः त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नाव घिऊ नगंस घरात."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला 'ते' म्हणायला लागले. 'त्याची तारीख कवा हाय', 'त्याच्या गोळ्या घेतल्या का'. माझी नणंद पल्लवी सव्वीस वर्षांची, मुरगूडच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा झालेली. बाहेर कळलं तर पोरीचं लग्न अडेल, म्हणून घशाचं किरकोळ ऑपरेशन आहे असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. यात मी कुणाला दोष देत नाही. ठरलं तेव्हा मीही तिथेच बसले होते आणि मीही मान डोलावली होती.

ऑपरेशनच्या आधी मला बारा दिवस मिळाले. लोक देवदर्शनाला जातात. मी गाद्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि पुढच्या वर्षभराच्या जाहिराती गाऊन ठेवल्या. पाडव्याचा सेल, शाळेचे दप्तर-डबे, दिवाळीचा फराळ, लग्नसराई. दुकानदारांची नावं नंतर जोडता येतील अशी जागा सोडून. आपण नसलो तरी पुढच्या दिवाळीला आपलाच आवाज गल्लीतून फिरेल या विचारानं मला रडू यायला हवं होतं. मला तर त्यात चक्क मजा वाटली.

शिंपी

ऑपरेशननंतर मी पहिला शब्द बोलले तो 'पाणी'. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा तो बाहेर आला. मॅडम म्हणाल्या, नस वाचली आहे पण दुखावली आहे, वेळ लागेल, आवाज किती परत येईल सांगता येत नाही. जो आला तो खर्जातला, घोगरा आणि अर्धा वारा. वरची पट्टी तर पार गेली. कुणाला हाक मारायची झाली तर मी ताटावर चमचा वाजवायचे.

घरी आल्यावर मला भयानक स्वप्नं पडायला लागली. रात्री नाही, रात्री मला झोपच नव्हती. स्वप्नं यायची दुपारी, जेवणानंतर गोळ्यांची गुंगी चढली की. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या गिरणीचा आवाज, आणि माझ्या उशाशी एक शिंपी उभा. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. तो माझ्या मानेचं माप घ्यायचा आणि आदबीनं विचारायचा, "वैनी, बंद गळ्याचाच करायचा न्हवं?" मी नाही नाही म्हणायचे, पण आवाज फुटायचा नाही, आणि तो दोरा ओवायला घ्यायचा.

पाच दुपारी सलग आला. मी घामानं भिजून उठायचे. सहाव्या दिवशी मला भीतीपेक्षा संताप जास्त आला. हा कोण टिकोजीराव, रोज येऊन माझं माप घेणारा? मी उठून वही घेतली. पंधरा वर्षं जाहिराती लिहून मला एक गोष्ट कळली आहे: कुठल्याही गोष्टीला यमक सापडलं की तिचा दरारा कमी होतो. मोठमोठ्या शेठजींच्या दुकानांना मी यमकं लावली आहेत, शिंप्याचं काय घेऊन बसलात.

शिंपीदादा, शिंपीदादा, गळा जरा सैल ठेवा,
टाके घाला बारीक बारीक, आवाजाला जागा ठेवा.
कात्री तुमची गार गार, मान माझी मऊ मऊ,
उरलेल्या या कापडाचं सांगा काय शिवून घेऊ?

याला मी मुद्दाम उडती चाल लावली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी नाचतील अशी. कीबोर्डवर डाव्या हातानं ठेका, उजव्या हातानं शिलाई मशीनसारखी तुरुतुरु पळणारी सुरावट, आणि वर माझा हा घोगरा आवाज. ऐकलं आणि माझ्याच अंगावर काटा आला, मग खुदकन हसू आलं. जुन्या गोड आवाजात हे गाणं नुसतं बालगीत झालं असतं. या फाटक्या आवाजात ते बरोबर बसलं होतं.

शिंपी गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दुपारी पुन्हा आला. पण आता तो माझी चाल गुणगुणत होता, आणि बेसूर गुणगुणत होता. मी स्वप्नातच त्याला म्हटलं, दुसरी ओळ चुकतेय तुमची.

बिनमिठाचे दिवस

पुढच्या औषधाआधी मिठाचं पथ्य होतं. घरातलं नेहमीचं मीठ बंद, दूध-दही बंद, बाहेरचं सगळं बंद. कोल्हापुरात राहून बिनमिठाचा खर्डा खाणं ही काय शिक्षा आहे ते ज्यानं खाल्ला त्यालाच कळेल. नुसता जाळ होतो, चव नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आत्ती माझ्याच पातेल्यातली आमटी वाढून घेतायत.

"आत्ती, ती माझी आहे. मीठ नाही त्यात."

"ठाव हाय मला."

"मग कशाला खाताय?"

"तुला एकटीला कशाला शिक्षा," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडून कुस्करायला लागल्या. तीन आठवडे त्यांनी तसंच खाल्लं. नाव घ्यायची बंदी घालणारी बाई हीच आणि माझ्याबरोबर अळणी आमटी खाणारीही हीच, हे मला लिहून ठेवायचंच होतं.

दारापलीकडचे चार दिवस

ते औषध घेतलं की चार दिवस कुणी जवळ यायचं नाही. आपल्याच अंगातून किरणं बाहेर पडत असतात. जाड दाराची खोली, जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर, चघळायला लिंबाच्या गोळ्या. मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत दिला होता, मटारच्या पिशवीसारखा. दिवसातून दोनदा सिस्टर दारात उभ्या राहून किरणं मोजायचं एक यंत्र माझ्याकडे रोखायच्या आणि ते टकटकायचं. पहिल्या दिवशी टकटकटकटक असं एका दमात. त्या आकडा लिहून घ्यायच्या आणि दार बंद.

माझी सगळ्यात वाईट दुपार त्या खोलीतली. स्वप्नात समोरच्या खुर्चीत एक माणूस येऊन बसला. पांढरे कपडे, टोपी, मांडीवर पिशवी. अगदी नीटनेटका. तो काही करत नव्हता, नुसता बसला होता आणि उठत नव्हता. मी जागी झाले तरी ती खुर्ची मला भरलेलीच वाटत होती. दार वाजवावं, महेशला बोलवावं, तर कुणी येऊ शकत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. आवाज न करता, कारण आवाज नव्हताच.

मग संध्याकाळी सिस्टर आल्या, यंत्र टकटकलं, आणि पहिल्यांदा मला त्यात ठेका ऐकू आला. मी प्लास्टिकमधल्या मोबाइलवर तो रेकॉर्ड केला. आणि खुर्चीकडे बघून म्हटलं, पाहुणा आहेस ना तू? मग तुझं कोल्हापुरी स्वागत करते, थांब.

पावणं आलं, पावणं आलं, न सांगता पावणं आलं,
गळ्यामंदी खुर्ची टाकून ऐसपैस बसून ऱ्हायलं.
चहा झाला, पाणी झालं, जेवणसुद्धा हाणून झालं,
जायचं नाव न्हाय घेत, मग मी त्याचं नाव इचारलं.

इथे ठेका थांबतो, दोन टकटक मी जाऊ देते, आणि मग नाव येतं. तिथे मला जोरात ओरडायचं होतं. पण आवाज वर चढेना. आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही, घरात कुणी न उच्चारलेला शब्द होता तो. म्हणून मी तो नुसता कुजबुजले. कॅन्सर.

दाराबाहेरून सिस्टरचा आवाज आला, "मॅडम, गाणं म्हणताय व्हय?"

"हो."

"पुन्हा म्हणा की. ते पावण्याचं."

मी पुन्हा म्हटलं. जाड दाराच्या पलीकडे कुणीतरी खळखळून हसलं. त्या चार दिवसांत माणसाच्या हसण्याचा तो एकच आवाज मी ऐकला. चौथ्या दिवशी यंत्र अगदी सावकाश टकटकलं, टक... टक..., आणि मला घरी सोडलं.

पेनड्राइव्ह

आता चूक. माझी, शंभर टक्के माझी.

आमच्या जाहिराती फिरवतात ते दस्तगीरमामा. साठीचे, वीस वर्षं रिक्षा आणि भोंगा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी बोलून ठेवते: माझं नाव, गल्ली आणि हे कशाचं आहे. मामांनी ते ऐकून जाहिरात ओळखल्यावर फिरवायची प्रत मी तो तुकडा कापून देते. दुसरी गोष्ट, मामांच्या प्लेअरचं पुढे ढकलायचं बटण कधीच निकामी झालंय. पेनड्राइव्हवर जे असेल ते ओळीनं वाजतं आणि संपलं की पहिल्यापासून. म्हणून पेनड्राइव्हवर एकच फाइल द्यायची, हा आमचा नियम.

घरी येऊन मी 'पावणं' नीट बसवलं. ते यंत्राचं टकटक, खाली मस्त ठुमकणारा ठेका. माझ्यापुरतं होतं, म्हणून सुरुवातीचं बोलणं कापलं नव्हतं. त्याच दिवशी मामा साड्यांच्या सेलची जाहिरात न्यायला आले. आधीच गाऊन ठेवली होती, मी ती दिली. एक फाइल द्यायच्या ऐवजी त्या दिवसाचा सगळा फोल्डर दिला, त्यात साड्यांचा सेल आणि 'पावणं' दोन्ही.

रविवारी मुरगूडची मंडळी पल्लवीला बघायला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मला स्वयंपाकघरात राहायला सांगितलं होतं, घसा बसलाय म्हणून. कांदेपोहे झाले होते, काकांची दुसरी ताटली चालू होती, आणि गल्लीत रिक्षा येऊन थांबली. मामांची जुनी सवय, भोंगा चालू ठेवून कोपऱ्यावर चहाला जायचं.

भोंग्यातून माझा जुना आवाज आला, मधासारखा. "चला चला, सख्यांनो चला..."

"ह्यो आवाज लई गोड हाय," मुलाची आई म्हणाली. "आमच्याकडंबी येती ही रिक्षा."

"आमच्या सुनंचाच हाय की त्यो!" आत्ती कौतुकानं म्हणाल्या. "सगळ्या कोल्हापुरात वाजतोय."

जाहिरात संपली. क्षणभर खरखर झाली. आणि मग संपूर्ण गल्लीत, घोगऱ्या आवाजात: "गिरिजा, शाहूपुरी. ऑपरेशननंतरचं दुसरं गाणं. गाण्याचं नाव, पावणं."

ठेका सुरू झाला. पावणं आलं, पावणं आलं. जेवणसुद्धा हाणून झालं. इथे काकांनी चमचा खाली ठेवला. मग टकटक. आणि मग भोंग्यातून ती कुजबुज. कुजबुज भोंग्यावर लागली की किती भयंकर वाटते, ते मला तेव्हा कळलं. ओरडण्यापेक्षा वाईट.

महेश मामांना शोधायला पळाला. दरम्यान पुन्हा साड्यांचा सेल, पुन्हा 'पावणं'.

"म्हंजी, तुमच्या सुनंला..." मुलाची आई म्हणाली.

"न्हाय वो, घसा बसलाय तिचा," आत्ती म्हणाल्या. मी त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मी हातातलं फडकं ठेवलं आणि बाहेर आले.

"घसा बसलेला नाही, काकू. कॅन्सर होता. ऑपरेशन झालंय, औषध झालंय, आता मी बरी आहे. गाणं माझंच आहे."

मुलानं मोबाइलमध्ये बघितलं. काका म्हणाले, "कळवतो." चपला घालताना त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मंडळी गेली. अजून काही कळवलेलं नाही.

आठ दिवस

"एक पेनड्राइव्ह धड देता येत न्हाय तुला?" महेश ओरडला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग तोच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. आत्ती माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. ताट मात्र वेळेवर समोर यायचं, धाडकन ठेवलेलं. आजारी माणसावर घरचे रागावत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. रागावतात. आणि ते रागावले याचं मला थोडं बरंही वाटलं, कारण किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी धडधाकट माणसाशी वागावं तसं वागलं होतं.

तिसऱ्या दिवशी पल्लवी माझ्या खोलीत आली. डोळे सुजलेले.

"वहिनी, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"फोल्डर चुकून गेला, शपथ. पण दुसऱ्यांदा लागलं तेव्हा मी मागच्या दारानं पळत जाऊन प्लेअरची वायर काढू शकले असते. नाही गेले."

"का?"

"ऐकायचं होतं मला. भोंग्यावर कसं लागतंय ते."

मला वाटलं आता ही कायमची तुटली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "काकांची दुसरी ताटली चालू होती गं," ती म्हणाली, "जेवणसुद्धा हाणून झालं!" आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो, माझ्या टाक्यांची कातडी ताणेपर्यंत. त्यानंतर ती रडली, बराच वेळ. मी तिला थांबवलं नाही. तिचं नुकसान झालं होतं आणि ते माझ्यामुळे झालं होतं. परवा दुसरं एक स्थळ आलं तेव्हा तिनं फोनवरच सांगून टाकलं, "आमच्या वहिनीला कॅन्सर झालता. ते चालणार असंल तर या."

मागच्या दारानं

दस्तगीरमामा आठव्या दिवशी आले, टोपी हातात घेऊन.

"वैनी, चुकी माझीबी हाय. चहाला नको हुतं जायला."

"राहू द्या मामा. फोल्डर मी दिला."

"पर एक बोलू का? लोकं इचारत्यात. पावण्याचं गाणं पुन्हा कवा लावणार म्हणून. तीन गल्ल्यांत इचारलं. नाद खुळा गाणं हाय वैनी, पोरं म्हणत्यात रस्त्यानं."

मी हसून विषय टाळला. पण त्याच दुपारी मागच्या दाराशी एक बाई आल्या. चाळिशीच्या, डोक्याला घट्ट स्कार्फ. आत्ती तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या.

"गाणं म्हणणाऱ्या तुम्हीच न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "मी पलीकडच्या गल्लीतली. आमच्या घरातबी... ते हाय. मलाच हाय. नाव कोण घेत न्हाय. सासरे माझा कपबी येगळा ठेवत्यात. त्या दिवशी मी पोळ्या लाटत हुतो आणि भोंग्यावर तुमचं गाणं लागलं. मी हसलो वो. दोन म्हैन्यानं हसलो. एवढंच सांगाय आलो."

त्यांनी चहा घेतला नाही, घाईत होत्या. स्कार्फ सारखा करून गेल्या. आत्तींच्या हातात मेथीची एकच काडी कितीतरी वेळ होती.

"माझ्या आव्वालाबी हेच झालतं," त्या म्हणाल्या. आठ दिवसांत पहिलं वाक्य. आव्वा म्हणजे त्यांची आई. "मी नऊ वर्सांची हुतो. मागच्या खोलीत ठेवलीती तिला. बाहेरची बाधा झालीया म्हणून सांगितलं आमास्नी. ताट उंबऱ्याशी ठेवायचं काम माझं. ती आतनं हाका मारायची, आणि आमी आत जायचं न्हाय. का मेली ते मला माझ्या लग्नानंतर कळलं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला त्या चार दिवसांतलं दाराबाहेरचं स्टूल आठवत होतं. त्यांचा राग माझ्यावर कधीच नव्हता, हे मला तेव्हा समजलं. त्या नऊ वर्षांच्या मुलीसारख्या अजून उंबऱ्याशीच उभ्या होत्या.

"सपान पडतं मला," त्या म्हणाल्या. "अजूनबी पडतं. ती हाक मारती आणि माझ्या तोंडातनं आवाजच फुटत न्हाय."

"आत्ती," मी म्हटलं, "मला गाण्यात एका जागी ओरडायचं आहे. माझा आवाज तिथपर्यंत जात नाही. तुम्ही ओरडाल?"

"मला काय गायला येतंय?"

"गायचं नाही. एकच शब्द आहे."

कोणता, ते त्यांनी विचारलं नाही.

टेक

आत्तींचा आवाज कसा आहे हे सांगायला हवं. त्या अंगणातून भाजीवाल्याला हाक मारतात तेव्हा तो दोन गल्ल्या पलीकडून वळतो. त्या गाद्यांच्या खोलीत आल्या, पदर खोचून माइकसमोर उभ्या राहिल्या. मी हेडफोन कानावर चढवले. मी बोट खाली केलं की ओरडायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा ठेका थांबला, टकटक झालं, बोट खाली आलं, आणि आत्तींनी तोंड उघडून तसंच मिटलं. दुसऱ्यांदा त्या "ते" म्हणाल्या. तोंडात बसलेला शब्द होता, आपोआप आला. त्या स्वतःवरच चिडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यांनी तो झटकला. "थांब जरा. करतो मी."

थोडं माझ्याबद्दल. माझा जुना आवाज आलेला नाही. आता येणारही नाही असं मॅडम म्हणतात. साड्यांचे सेल मी आता दुसऱ्या मुलीकडून गाऊन घेते, लिहून मी देते. वरची पट्टी गेली त्याचं दुःख मला होतं, अजून होतं, कधी कधी मी जुनी जाहिरात लावून ऐकते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. भीती वाटते. पण आता माझ्याकडे नऊ गाणी आहेत, नऊही भुतांना चाल लावून झालीय, आणि नवीन भूत आलंच तर त्याच्यासाठी वही उघडी आहे. तुम्हाला गाता येत नसेल तर नका गाऊ. पण जे छातीवर बसलंय त्याचं नाव एकदा आपल्या तोंडानं घ्या. घोगऱ्या आवाजात घेतलं तरी चालतं, हे मी अनुभवानं सांगते.

तिसऱ्यांदा ठेका थांबला. टक. टक. माझं बोट खाली आलं.

"कॅन्सऽऽर!"

कॉम्प्युटरवरची रेघ लाल झाली. माझ्या कानातले हेडफोन मी ओढून काढले. शेजारच्या गिरणीतलं बोलणं थांबलं, स्वयंपाकघरातून महेश धावत आला, पल्लवी दारात येऊन उभी राहिली. आत्ती माइकसमोर धापा टाकत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी जे मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

एवढा आवाज माइकला पेलला नव्हता, टेक फाटला होता. कुठल्याही स्टुडिओत टाकून दिला असता. मी तोच ठेवला.

"आलं का गं नीट?" त्यांनी विचारलं.

"आलं, आत्ती."

"भोंग्यावर लावल्यावर ऐकू जाईल का सगळ्यांस्नी?"

"जाईल."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग दस्तगीरला सांग, आमच्या गल्लीतनं सुरू कर म्हणावं. आणि चहाला जाऊ दे त्याला निवांत."